ताप उतरवणारे अण्णाजी

सिंदीच्या दवाखान्यात डॉक्टर बदलत राहायचे, कंपौंडर मात्र एकच, अण्णाजी. नागपूरकडून आलेला नवा डॉक्टर एक उन्हाळा सोसायचा, एक पावसाळा चिखल तुडवायचा आणि बदलीचा अर्ज टाकायचा. अण्णाजींनी असे अकरा डॉक्टर पाहिले होते. बाराव्याच्या वेळी जे घडलं ते मी इथे लिहितो आहे, पण गोष्ट डॉक्टरची नाही, अण्णाजींचीच आहे.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. माझं नाव बंडोपंत. दवाखान्यामागच्या गल्लीत अण्णाजींचं आणि माझं घर एकाला एक लागून होतं. आमच्यात देवघेव एकाच गोष्टीची होती. परीक्षा झाली की तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी त्यांना नेऊन द्यायचो. ते त्याचे चौकोनी तुकडे कापायचे आणि त्यात तापाच्या पुड्या बांधायचे. खलात औषध घोटताना त्यात चिमूटभर गुलाबी रंग घालायचे, कारण पांढऱ्या पुडीवर लोकांचा विश्वास बसत नाही असा त्यांचा अनुभव होता. गावात कुणाचं अंग तापलं की ‘अण्णाजीची पुडी आणा’, एवढंच लोकांना ठाऊक. ज्याला मी गणितात शून्य दिलं, त्याच्याच पेपरात बांधलेल्या पुडीनं त्याचा बाप बरा व्हायचा. माझ्या लाल शाईचा एवढाच काय तो गावाला उपयोग.

पुडी देताना अण्णाजी कधी घाई करत नसत. आधी रोग्याच्या कपाळावर उलटा हात ठेवायचे, मग थर्मामीटर. मला वाटतं, त्यांना थर्मामीटरची गरज नव्हती. त्रेचाळीस साली, लढाईत कोयनेल मिळेनासं झालं तेव्हा, त्यांची आठ वर्षांची मुलगी माणिक हिवतापानं गेली. सगळ्या तालुक्याला औषध वाटणाऱ्या माणसाच्या घरात त्या आठवड्यात एक गोळी नव्हती. त्यानंतर त्यांना कुणाचाच ताप बघवत नसे. कुणी तापानं कण्हत असेल तर ताटावरून उठून जायचे. बोलायचे मात्र काही नाहीत. थकलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा त्यांचा चेहरा नेहमीचाच झाला होता.

त्यांची बायको जयवंता त्यांच्याहून बोलकी. अंगणात बसून सरकी निवडता निवडता ती भिंतीपलीकडून माझी खबरबात घ्यायची. “मास्तर, आज भाजी जायली वाट्टे, वास येऊन राह्यला.” मी एकटा राहत असे, आणि माझी भाजी रोजच जळत असे. चोपन्न सालच्या आधीच्या दिवाळीत तिच्या पाठीत, खांद्याच्या खवाट्याजवळ गाठ आली. नागपूरला नेऊन ती काढली. चार महिन्यांत गाठ परत आली, आधीपेक्षा मोठी. मांसात वाढणारा कॅन्सर आहे, पुन्हा कापण्यात अर्थ नाही, घरी न्या आणि हवं-नको बघा, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. अण्णाजी तिला पॅसेंजरनं घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दवाखान्यात हजर होते.

बारावे डॉक्टर अच्युत नुकतेच आले होते. सत्तावीस वर्षांचं वय, हाडं दिसतील अशी अंगकाठी, आणि सामानात कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. गावानं त्यांना महिनाभरात नापास केलं होतं, कारण ते इंजेक्शन मागितलं तरी देत नसत. त्यांनी जयवंताची गाठ पाहिली, नागपूरचे कागद वाचले आणि दोन दिवस पुस्तकांत डोकं घालून बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अण्णाजींना बसवून घेतलं. अण्णाजींनी मला बोलावलं. डॉक्टर शिकलेलं बोलणार, आपल्याला समजलं नाही तर मास्तर समजावतील, असा त्यांचा हिशेब.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका सर्जनला जुन्या कागदांत एक रोगी सापडला. त्याच्या मानेवर अशीच गाठ होती आणि ती कापून कापून डॉक्टर दमले होते. त्या माणसाला धावरं झालं, म्हणजे चेहरा-मान लालभडक आणि सणसणून ताप. तो मरणार असं सगळे धरून चालले होते. पण धावरं उतरलं आणि गाठही विरघळून गेली. मग त्या सर्जननं मुद्दाम रोग्यांना धावऱ्याचे जंतू टोचून पाहिले. त्यात काही दगावले. तेव्हा त्यानं जंतू आधी तापवून मारून, नुसतं त्यांचं विष टोचायला सुरुवात केली.

“जंतू मेलेले असतात, विष शाबूत असतं,” डॉक्टर म्हणाले. “शरीराला वाटतं खरंच हल्ला झाला. ते सगळं बळ एकवटून उठतं, जबरदस्त ताप येतो, आणि त्या तापात कधीकधी गाठही मरते. कधीकधी, अण्णाजी. नेहमी नाही. एक्स-रेचे उपचार निघाल्यावर लोकांनी हे औषध बाजूला टाकलं. आता ते बनवणंही बंद होत आलंय. मुंबईला माझ्या गुरुजींकडे दोन पेट्या उरल्यात. तारेनं विचारलं, एक ते पाठवतो म्हणाले. गुण दिसला तर दुसरी.”

अण्णाजींनी एकच विचारलं. “ताप आला का मंग उतरवाचा कसा?”

“उतरवायचा नाही. तोच तर उपचार आहे. पाच-सहा तास चढू द्यायचा. पुडी नाही, कपाळावर ओली पट्टी नाही, काही नाही. एकशे पाचच्या वर गेला तरच मला हाक मारा.”

घरी येताना अण्णाजी मला म्हणाले, “मास्तर, तीस वर्सं ताप उतरवला म्या. आता घरीच चढवा लागते.” मी त्यांना नीट समजावलं, शास्त्र काय, शरीराची ताकद काय. मास्तरची जातच तशी. स्वतःच्या अंगाला काही लागणार नसलं की तोंड छान चालतं.

पेटी रेल्वे पार्सलनं आली, ऐन वैशाखात. वर्ध्याहून बर्फ मागवला होता, तो भुशासकट पाणी होऊन पोचला. पेटीत सात कुप्या होत्या. अण्णाजींनी त्या माठात ओली वाळू भरून तिच्यात रोवल्या आणि माठ खाटेखाली सावलीत ठेवला. मध्ये दोन दोन दिवस सोडून सकाळी दहाला एक कुपी टोचायची असं ठरलं. तापाचा आलेख काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण शाळेला सुटी होती आणि अण्णाजींचं अक्षर अण्णाजींनाही लागत नसे. चौकटीच्या कागदावर आडवे तास, उभे अंश, आणि अर्ध्या अर्ध्या तासाला एक ठिपका.

पहिल्या सुईला थोडासाच ताप आला. दुसऱ्या सुईला तासाभरात जयवंताला हीव भरलं. बाहेर एकशे चौदा डिग्री ऊन आणि आत ती तीन गोधड्यांखाली अशी हलत होती की खाटेचे पाय फरशीवर वाजत होते. ताप एकशे तीनवर गेला. तिसऱ्या सुईला एकशे चारवर. अण्णाजी उशाशी बसून होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी आधी समजलो नाही. नंतर लक्षात आलं की हात मोकळे ठेवले तर ते तिच्या कपाळावर जातील याची त्यांना भीती होती.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी गाठ मोजली. लिंबाएवढी होती, ती सुपारीहून जराशीच मोठी राहिली होती आणि मऊ पडली होती. डॉक्टरांनी दोनदा मोजली. मग तो कोरडा माणूस आमच्यासमोर चक्क हसला. अण्णाजींनी गाठीला हात लावून पाहिला आणि तसेच उठून बाहेर गेले. भिंतीकडे तोंड करून ते बराच वेळ उभे होते.

चौथ्या सुईला ताप आलाच नाही. म्हणजे आला, शंभरपर्यंत गेला आणि घसरला. पाचव्या वेळी नव्याण्णव पूर्णांक सहा. डॉक्टर गोंधळले. सहाव्या वेळी तेच. मी ठिपके देत होतो आणि माझ्या कागदावरचा डोंगर सपाट होत चालला होता. गाठ सुपारीएवढीच होती, पण पुन्हा कडक लागत होती.

त्या सहाव्या दुपारी माझी पेन्सिल खाली पडली. ती घ्यायला वाकलो तर खाटेखाली, माठाच्या बाजूला, कागदाचा एक चौकोनी तुकडा दिसला. त्यावर पुडीच्या घड्या होत्या. माझ्या लाल शाईतला अर्धा शेरा होता, ‘पुन्हा सोडव’. आणि घडीत गुलाबी पूड अडकली होती.

मी वर पाहिलं. अण्णाजी माझ्याकडेच बघत होते. जयवंता उठून बसली होती, तिच्या चेहऱ्यावर घाम होता, आणि ती आंबील पीत होती. दोन आठवड्यांत पहिल्यांदा ती हातात वाटी धरून बसलेली मी पाहिली. मी तुकडा खिशात घातला आणि ठिपका दिला, नव्याण्णव पूर्णांक चार. डॉक्टर आले तेव्हा मी नुसता आलेख त्यांच्या हातात दिला. मला राग आला होता, भयंकर राग. तरी मी बोललो नाही, आणि का बोललो नाही ते मला आजही धड सांगता येत नाही.

डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि मटकन स्टुलावर बसले. “उन्हानं गेलं औषध,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी इथली लस अशीच खराब झाल्याचं दप्तरात आहे. बर्फाची सोय झाल्याशिवाय मी पेटी मागवायलाच नको होती. माझी चूक.” उरलेली एक कुपी फेकून द्यायला त्यांनी अण्णाजींना सांगितलं. मग तिथेच बसून मुंबईला कार्ड लिहिलं, की इथल्या उन्हात हे टिकत नाही, दुसरी पेटी पाठवू नये, ती कुणा दुसऱ्या रोग्याच्या कामी यावी. मी स्टेशनकडे निघालोच होतो, म्हणून कार्ड माझ्याकडेच दिलं.

म्हणजे माझ्या एका खिशात कार्ड होतं आणि दुसऱ्यात तो तुकडा. स्टेशनकडे न जाता मी आधी अण्णाजींच्या दारात गेलो.

“हे कार्ड टाकू का?” मी विचारलं. “टाकलं की दुसरी पेटी यायची नाही. अजून वेळ आहे. डॉक्टरांना जाऊन खरं सांगा.”

अण्णाजी उंबऱ्यावर बसले होते. ते म्हणाले, “थे एकशे चारच्या दिवशी थिनं मले म्हटलं, अजी, लय झालं, पुडी द्या ना. अठ्ठावीस वर्सांत थिनं मले काई मांगतलं नाई, मास्तर. लुगडं नाई, डागदागिना नाई. अन् मांगतली तं पुडी. म्या आजलोक कोनाले नाई नाई म्हटलं. थिले कसं म्हनू?”

“आणि गाठ? ती उतरत होती ना?”

“होये. उतरत होती.”

आतून जयवंताचा आवाज आला. “मास्तर, त्यायले बोलू नका. म्याच मांगतली. त्या तापात मले माणिक दिसे. पानी मांगे थे. दर खेपेले थेच.” ती जरा थांबली. “टाकून या थे कार्ड पोस्टात. मले आता बरं वाटून राह्यलं. भाकर बी गोड लागून राह्यली.”

मी अण्णाजींकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर मी कार्ड फाडलं असतं. ते जमिनीकडे बघत राहिले. मी स्टेशनवर गेलो आणि कार्ड टपालपेटीत टाकलं.

जयवंताचा तो ज्येष्ठ बरा गेला. ती पुन्हा अंगणात बसली, सरकी निवडली, माझ्या जळक्या भाजीची चौकशी केली. आषाढात गाठ वाढली. मग ती छातीकडे गेली. पोळ्याच्या चार दिवस आधी जयवंता गेली. अण्णाजींनी तिला शेवटपर्यंत एकही दिवस कण्हू दिलं नाही, एवढं मात्र मी म्हणेन.

डॉक्टर अच्युत स्मशानातून परत येताना मला म्हणाले, “बर्फ वेळेवर आला असता तर.” पुढे दोन महिने ते ज्याला-त्याला हेच सांगत होते. रात्रंदिवस पुस्तकं वाचणारा माणूस, त्यानं पुस्तक उघडणं सोडलं. दिवाळीआधी त्यांनी बदली मागून घेतली. अण्णाजींनी त्यांचं सामान बांधून दिलं, गाडीत चढवलं, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे होते. काहीतरी बोलतील असं मला वाटलं. बोलले नाहीत. मी त्यांना मनातून माफ केलं नव्हतं, आणि त्या दिवशी तर त्यांच्याशी न बोलता सरळ घरी आलो. दुसऱ्याच्या चुकीखाली लाल रेघ मारायची सवय हाडीमाशी खिळलेली असते.

सहामाहीच्या उत्तरपत्रिका त्या वर्षी मी त्यांना दिल्या नाहीत. त्यांनी मागितल्याही नाहीत.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. “मास्तर, चौकटीचा कागद हाये का एखांदा? अन् पेन्सिल घेऊन येजा.”

मी गेलो. घर झाडून ठेवलं होतं. ते जयवंताच्या खाटेवर बसले होते, बाही खांद्यापर्यंत वर केलेली. बाजूला उकळलेली सिरिंज, थर्मामीटर आणि वाळूचा माठ. माठातून त्यांनी ती कुपी काढली. फेकून द्यायला सांगितलेली, सातवी.

“हे काय करता?” मी म्हणालो.

“पाहून घेतो.” त्यांनी कुपीची मान तोडली. “डॉक्टर म्हने उन्हानं गेली. म्या म्हटलं, जे उकयून केलं थे उन्हानं काय मरन? पन मी काय डॉक्टर हावो? जर का ताप नाई आला, तं डॉक्टरचं खरं, औषदच बाद होतं, माही पुडी काई आडवी आली नाई. जर का आला...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सुई दंडात घातली तेव्हा त्यांचा हात नेहमीसारखाच स्थिर होता.

“आला तं हा कागद डॉक्टरले पाठवा. पत्ता फळीवर लिवला हाये. पुडीचं बी लिवजा, सारं लिवजा. थ्या पोराच्या डोक्यावर उगाच ओझं हाये. लय दिस झाले, मास्तर. माह्याच्यानं होत नाई आता.”

दहा वाजले होते. आम्ही वाट पाहत बसलो. साडेदहाला अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. अकराला तेवढाच. ऊन अंगणात उतरलं होतं, गल्लीतून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. मी मनातून प्रार्थना करत होतो की ताप येऊ नये. एवढ्या महिन्यांचा राग कुठे गेला होता कोण जाणे. कुपी सात महिने वाळूत पडून होती, ती बाद झालेलीच असणार, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. ते नुसते मान हलवत होते.

सव्वाअकराला त्यांचे दात वाजले.

मी गोधडी घातली, मग दुसरी घातली. एकशे एक. बाराला एकशे दोन. खाटेचे पाय फरशीवर तसेच वाजू लागले, तोच आवाज. औषध चांगलं होतं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत चांगलं होतं. अण्णाजींनी डोळे मिटून घेतले होते आणि त्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. “आला ना,” एवढंच ते म्हणाले. मग ते कण्हू लागले. साठीला टेकलेला माणूस, एकटा, त्या थंडीनं असा आखडला होता की गोधडीखाली जेमतेम लहान मुलाएवढा दिसत होता. मध्येच त्यांनी माणिकला हाक मारली, आणि मग जयवंताला.

समोरच्या फळीवर त्यांचा पुड्यांचा डबा होता. मी उठलो, डब्यातून एक पुडी घेतली, पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांच्या डोक्याखाली हात घालून डोकं उचललं.

“घ्या,” मी म्हणालो. “कळलं आता. पुरे झालं. घ्या ही.”

त्यांनी डोळे उघडले. पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ थरथरत होते, तरी शब्द नीट आले.

“तुमच्यानं बी पाहवलं नाई ना, मास्तर?”

मी पुडी त्यांच्या ओठांपाशी नेली. त्यांनी हळूच माझा हात बाजूला केला, पुडी घेतली नाही, आणि काखेतला थर्मामीटर काढून माझ्यापुढे धरला.

“लिवा,” ते म्हणाले.

मी पेल्यासकट पुडी खाली ठेवली, कागद मांडीवर घेतला आणि एकशे तीनवर ठिपका दिला.